‘आहे’ आणि ‘होती’ : रक्तातील गुठळीचा पूर्वेतिहास आणि वैद्यकातील संकेतांक



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी संतवाङ्मयाचा, नाटकाचा किंवा फार तर भाषाशास्त्राचा विषय घ्यावा, अशी आपली अपेक्षा असणार. रक्ताच्या गुठळीचा आणि तिच्या नोंदीसाठी योजलेल्या संकेतांकांचा विषय मी निवडला, तेव्हा संयोजकांनाही क्षणभर आश्चर्य वाटले. परंतु वैद्यकाची बाजू डॉक्टरांकडे सोपवून नोंदीची बाजू पाहू लागलो, की हा विषय आपल्या अंगणात येतो. झालेली गोष्ट कोणत्या शब्दांत लिहावी, लिहिलेले सर्वांनी एकाच अर्थाने कसे वाचावे, आणि ‘आहे’ व ‘होती’ यांतील भेद कसा सांभाळावा, हे प्रश्न मुळात भाषेचेच आहेत. फरक इतकाच, की कवितेचा अर्थ चुकला तर टीकाकार रागावतो. येथे अर्थ चुकला तर माणूस दगावू शकतो.

१. गाठ, गुठळी आणि अंतर्क्लथन

जखम झाली की रक्त गोठते, हा देहाचा उपकार होय. तेच रक्त जखम नसताना शिरेच्या आत गोठले, तर तो अपकार ठरतो. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरांत अशी गुठळी झाली म्हणजे पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. कधी काहीच जाणवत नाही. गुठळीचा तुकडा सुटला तर तो रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या भागातून पुढे फुफ्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकतो. दम लागतो, छातीत कळ येते. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत मृत्यू येतो. पायातील कारण आणि छातीतील कार्य यांचा हा संबंध जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडोल्फ व्हिर्खो याने १८४० च्या दशकात उलगडला. रक्तप्रवाहाचे मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही तीन कारणे आजही त्याच्याच नावाने शिकविली जातात.

मराठी परिभाषाकारांनी जागच्या जागी गोठण्याला ‘अंतर्क्लथन’ आणि सुटून अडकण्याला ‘अंतर्कीलन’ असे शब्द घडविले. कील म्हणजे खिळा किंवा पाचर. प्रवाहात पाचर बसावी तसा तो तुकडा बसतो. शब्द नेमके आहेत, पण कोशाबाहेर फारसे पडले नाहीत. घरात आपण म्हणतो, ‘पायात गाठ झाली होती.’ आता ही ‘गाठ’ पाहा. स्तनातील गाठ, गळ्याची गाठ, काखेत आलेली गाठ, दोरीची गाठ आणि माणसांची पडणारी गाठ, इतक्या गोष्टींना मराठीने एकच शब्द दिला आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी एखाद्या आजीने ‘वीस वर्षांपूर्वी पायात गाठ झाली होती’ असे सांगितले, तर तरुण डॉक्टर ती चरबीची गाठ समजून पुढे जाऊ शकतो. आजींनी खरे तेच सांगितलेले असते आणि डॉक्टरांनीही लक्ष देऊन ऐकलेले असते. तरीही मधला अर्थ हरवतो.

आणि तो अर्थ मोलाचा असतो. शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा प्रवास असे तात्पुरते कारण नसताना ज्याला गुठळी झाली, त्याचे औषध थांबविल्यावर पहिल्या वर्षात सुमारे दहा टक्के रुग्णांना ती पुन्हा होते आणि दहा वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी धोका मोजण्याच्या ज्या गुणपद्धती आहेत, त्यांत ‘पूर्वी गुठळी झाली होती काय’ या प्रश्नाला वजन असते. स्त्रीला इस्ट्रोजेनयुक्त गोळी द्यावी की नाही, गरोदरपणात रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन द्यावे की नाही, लांबच्या प्रवासात कोणती काळजी घ्यावी, हे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून असते.

२. नावांचा गोंधळ आणि त्यावरील उपाय

रोगांना नावे देणे जुने आहे. ती नावे सर्वांनी सारख्या अर्थाने वापरावीत हा आग्रह त्यामानाने नवा. सतराव्या शतकात लंडनमध्ये मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत. मृत्यूचे कारण ठरविण्याचे काम बहुधा परगण्याने नेमलेल्या वृद्ध स्त्रिया करीत. या पत्रकांचा अभ्यास करून जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील कारणांच्या यादीत ‘वार्धक्य’, ‘दात’, ‘दुःख’ आणि ‘अकस्मात’ अशा नोंदी आढळतात. फुफ्फुसात गुठळी अडकून गेलेली माणसे त्या ‘अकस्मात’ या सदरात पडली असतील.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील विल्यम फार याने या गोंधळावर नेमके बोट ठेवले. १८३९ च्या पहिल्याच वार्षिक अहवालात त्याने तक्रार केली, की एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत आणि एकच नाव तितक्याच रोगांना लावले जाते. आपल्या ‘गाठी’ची कथा यापेक्षा वेगळी नाही. १८५३ मध्ये ब्रसेल्स येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली आणि सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पीन यांच्यावर सोपविले गेले. पुढे १८९३ मध्ये फ्रेंच सांख्यिक झाक बर्तियाँ याची यादी मान्य झाली आणि १९०० च्या पॅरिस परिषदेपासून ती सुमारे दर दहा वर्षांनी सुधारण्याची प्रथा पडली. आरंभी ही केवळ मृत्यूच्या कारणांची यादी होती. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा न मारणारे रोगही तीत आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

या प्रयत्नाचे आपल्याला नवल वाटू नये. राज्य चालवायचे तर शब्द ठरलेले हवेत, हे शिवाजी महाराजांनी ओळखले होते; त्यांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्द बसविले. आपल्या वडोदऱ्यात तर सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध करविला. एका कारभारी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली अशा भाषांतील पर्याय त्यात मांडले आहेत. बहुभाषिक संस्थानात हुकूम एक असावा आणि तो प्रत्येकाला सारखाच कळावा, ही त्यामागील दृष्टी. रोगांच्या संकेतांकांची दृष्टीही तीच आहे. फक्त तेथे पर्यायी शब्दांच्या जागी अंक आले.

३. एका संकेतांकाचे पदच्छेद

संस्कृतचा श्लोक सोडवावा तसा एक संकेतांक सोडवून पाहू. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे तेथील विस्तारित रूप रुग्णालयांत वापरले जाते. त्यात सुमारे सत्तर हजार संकेत आहेत. त्यांपैकी ‘आय ८२.४११’ घ्या. ‘आय’ हे अक्षर रक्ताभिसरणाच्या रोगांचे प्रकरण दाखविते. ‘८२’ म्हणजे शिरांतील इतर गुठळ्या. बिंदूनंतरचा ‘४’ म्हणजे पायाच्या खोल शिरांतील नवी, तीव्र गुठळी. पुढचा ‘१’ म्हणजे मांडीची मुख्य शीर, आणि शेवटचा ‘१’ म्हणजे उजवी बाजू. तेथे ‘२’ असता तर डावी, ‘३’ असता तर दोन्ही बाजू. सहा चिन्हांत एक पूर्ण वाक्य बसले : ‘या रुग्णाच्या उजव्या मांडीच्या खोल शिरेत नवी गुठळी आहे.’

हीच गुठळी बरेच दिवस राहून जुनाट झाली, की ‘४’ च्या जागी ‘५’ येतो. आणि ती पूर्ण बरी होऊन उपचारही संपले, की संकेतांक समूळ बदलतो. तो ‘आय’च्या प्रकरणातून उठून ‘झेड’च्या प्रकरणात जातो. ‘झेड’च्या प्रकरणात रोग नसतात; आरोग्यावर परिणाम करणाऱ्या परिस्थिती असतात. ‘झेड ८६’ म्हणजे स्वतःला पूर्वी झालेले काही विशिष्ट रोग, ‘७’ म्हणजे रक्ताभिसरणाचे, ‘१’ म्हणजे शिरांतील गुठळीचे. त्यानंतर पुन्हा ‘१’ आला, म्हणजे ‘झेड ८६.७११’ झाले, तर पूर्वी फुफ्फुसात गुठळी अडकली होती. ‘८’ आला, म्हणजे ‘झेड ८६.७१८’ झाले, तर पूर्वी इतरत्र, बहुधा पायात, गुठळी झाली होती.

येथे व्याकरणाच्या विद्यार्थ्याने थबकावे. ‘आय ८२.४’ म्हणजे ‘गुठळी आहे’, ‘आय ८२.५’ म्हणजे ‘गुठळी झालेली आहे आणि अजून आहे’, ‘झेड ८६.७१’ म्हणजे ‘गुठळी झाली होती’. मराठी क्रियापदाने काळ आणि अवस्था यांचे जे भेद सांभाळले, तेच येथे अक्षरांनी आणि अंकांनी सांभाळले आहेत. ‘झाली होती’ या रूपात दोन गोष्टी दडलेल्या असतात : घटना पूर्ण झाली, आणि तरीही ती आज सांगण्याजोगी आहे. पूर्वेतिहासाच्या संकेतांकाची तेथील व्याख्या जवळजवळ हीच आहे. जो रोग आता नाही, ज्यावर आता उपचार चालू नाहीत, परंतु जो पुन्हा उद्भवू शकतो म्हणून ज्यावर लक्ष ठेवावे लागते, त्याची ती नोंद.

आणखी एक बारकावा भाषाशिक्षकाला मोहविणारा आहे. अशा सूचींत शेवटी बहुधा ‘८’ हा अंक ‘इतर’ यासाठी आणि ‘९’ हा ‘अनिर्दिष्ट’ यासाठी राखलेला असतो. ‘इतर’ म्हणजे डॉक्टरांनी नेमके लिहिले आहे, पण यादीत त्याला स्वतंत्र घर नाही. ‘अनिर्दिष्ट’ म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेच नाही. यादी अपुरी असणे आणि लेखन अपुरे असणे, या दोन उणिवा वेगळ्या आहेत. परीक्षकाने उत्तरपत्रिकेत ‘चुकीचे’ आणि ‘लिहिले नाही’ यांत फरक करावा, तसाच हा फरक आहे.

४. कठीण प्रसंग

शास्त्र सोपे, व्यवहार अवघड. एका माणसाला दोन वर्षांपूर्वी गुठळी झाली आणि तो आजही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो. त्याची गुठळी ‘आहे’ की ‘होती’? उत्तर गोळीच्या हेतूत आहे. असलेल्या गुठळीवर उपचार म्हणून गोळी चालू असेल, तर रोग चालू आहे असे धरावे लागते. गुठळी विरघळून गेली असून पुन्हा होऊ नये एवढ्यासाठी गोळी असेल, तर पूर्वेतिहासाचा संकेतांक लागतो आणि त्याच्या जोडीला ‘झेड ७९.०१’, म्हणजे दीर्घकाळ रक्तगोठणरोधक औषध चालू, असा दुसरा संकेतांक येतो. संकेतांक लावणारा कर्मचारी हे स्वतः ठरवू शकत नाही. डॉक्टरांच्या टिपणात हेतू लिहिलेला असावा लागतो. म्हणजे अंकांची ही सारी इमारत शेवटी एका नीट लिहिलेल्या वाक्यावर उभी आहे. टिपणात नुसते ‘गुठळी, गोळी चालू’ असे असेल, तर जुनी गुठळी नवी म्हणून नोंदली जाते, आणि त्या नोंदीची नक्कल पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जाते. आपल्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हे ओळखीचे आहे : पहिल्या लेखनिकाची चूक पुढच्या दहा पोथ्यांत प्रमाण होऊन बसते.

याच औषधांपैकी एकाच्या नावाची कथा माजी विद्यार्थ्यांना आवडावी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक याच्या प्रयोगशाळेत, सडलेला गवती चारा खाऊन गुरांना रक्तस्राव का होतो, याचा शोध चालला होता. त्यातून निघालेल्या एका द्रव्याला ‘वॉर्फरिन’ हे नाव मिळाले. त्यातील ‘वॉर्फ’ ही आद्याक्षरे संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या, त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रतिष्ठानची आहेत. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. जे जास्त झाले तर मारते, तेच बेताने दिले तर तारते. म्हणूनच ते कोण घेतो आणि का घेतो, हे कागदावर असणे जरुरीचे.

दुसरा कठीण प्रसंग घराण्याचा. ‘आमच्याकडे हे आहे,’ असे आपण सहज म्हणतो. ‘आमच्याकडे’ म्हणजे मला, माझ्या आईला की चुलत्यांना? संकेतांक येथे कठोर आहे. स्वतःचा पूर्वेतिहास ‘झेड ८५’ ते ‘झेड ८७’ या घरांत आणि कुटुंबाचा ‘झेड ८०’ ते ‘झेड ८४’ या घरांत ठेवलेला आहे. रक्त गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती चाचणीने सिद्ध झाली असेल, तर तिचे घर आणखी वेगळे, रक्ताच्या रोगांत. हॉलंडमधील लायडन शहराचे नाव लाभलेला पाचव्या रक्तघटकातील जो दोष १९९४ मध्ये ओळखला गेला, त्याला तेथे स्वतःचा संकेतांक आहे. प्रवृत्ती, घराणे आणि घडलेली घटना या तीन गोष्टी बोलण्यात मिसळतात. नोंदीत मिसळू नयेत.

५. वर्गीकरण आणि शब्दसंग्रह

आतापर्यंत सांगितले ते वर्गीकरण. त्यात प्रत्येक गोष्टीला एकच घर, आणि घरांची संख्या मर्यादित. त्याहून वेगळी अशी ‘स्नोमेड सीटी’ ही वैद्यकीय संज्ञावली आहे. एक अमेरिकी आणि एक ब्रिटिश अशा दोन संज्ञावल्या एकत्र करून ती २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील संकेतांकाच्या अंकांना स्वतःचा अर्थ नसतो. अर्थ असतो तो इतर संकल्पनांशी जोडलेल्या नात्यांत. खोल शिरेतील गुठळी ही ‘शिरेचा विकार’ही आहे आणि ‘गुठळी’ही आहे, एकाच संकल्पनेला दोन कुळे लाभतात. अमरकोशात शब्द वर्गावर्गांत लावलेले असतात, ती वर्गीकरणाची रीत. एका शब्दाचे सारे संबंध सांगणारा कोश, ती दुसरी रीत. डॉक्टरांनी टिपण संज्ञावलीत लिहावे आणि मोजदादीसाठी ते वर्गीकरणात उतरावे, अशी या दोहोंची वाटणी आहे.

भारत २०१४ मध्ये या संज्ञावलीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला, आणि तिचे आपल्या देशातील काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील राष्ट्रीय केंद्राकडे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेण्याची सोय झाली. अकराव्या आवृत्तीला जोडलेल्या आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांच्या विभागाचे उद्घाटन १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत झाले. वाताचे विकार जागतिक सूचीत क्रमांकासह आले. शब्दांचे हे स्थलांतर मराठीच्या अभ्यासकांनीही डोळसपणे पाहण्याजोगे आहे.

६. संकेतांक काय सांगत नाही

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, ते परक्यांना वाचता येऊ नयेत म्हणून. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला, तेव्हा ते भांडार विद्वानांना खुले झाले. वैद्यकातील संकेतांक नेमका उलट्या हेतूने जन्मला. परक्यालाही वाचता यावे म्हणून. तरीही रुग्णाला तो सकळ लिपीसारखाच वाटतो, आणि आपला इतिहास आपल्याच कागदावर त्याला वाचता येत नाही.

शिवाय संकेतांक थोडेच सांगतो. ‘झेड ८६.७१८’ मध्ये सन नाही. गुठळी गेल्या वर्षी झाली की तीस वर्षांपूर्वी, हे त्यातून कळत नाही. ती शस्त्रक्रियेनंतर झाली की विनाकारण, हेही कळत नाही. आणि पुन्हा होण्याचा धोका तर मुख्यतः यावरच ठरतो. उजवा पाय की डावा, हा ‘आय’मध्ये जपलेला भेद ‘झेड’मध्ये पुसला जातो. भूतकाळात जाताना तपशील गळतात. माणसाच्या आठवणीचेही असेच होते. फरक हा, की कागदावर ते गळू न देणे आपल्या हाती आहे.

म्हणून संकेतांकाशेजारी दोन ओळींचे गद्य असावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याकडे रुग्णाचे कागद बहुधा रुग्णच सांभाळतो. घरातील कोणाला गुठळी झाली असेल, तर रुग्णालयातून घरी पाठवितानाच्या कार्डावर पाच गोष्टी डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्याव्यात : महिना व वर्ष, शरीराचा कोणता भाग आणि कोणती बाजू, फुफ्फुसात गेली होती की नाही, त्या वेळी काही कारण घडले होते काय, आणि औषध कोणते, कशासाठी व केव्हा थांबविले किंवा थांबवावयाचे. हाच मजकूर मराठीत, गुजरातीत, आपल्याला कळेल त्या भाषेत, एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवावा, आणि त्यात ‘गाठ’ न म्हणता ‘शिरेत रक्ताची गुठळी’ असे म्हणावे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, आणि आईवडील पंधरा-सोळा तास एका खुर्चीत बसून त्यांच्याकडे जातात. तेथे प्रसंग आला, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारील तो भूतकाळाचा. आजारी माणसाला त्या वेळी बोलता येईलच असे नाही, आणि मुलाला आईच्या पायाचे वर्ष आठवेलच असेही नाही. खिशातील तो कागद तेव्हा आईच्या वतीने बोलतो, आणि तेथील कर्मचारी त्यावरून योग्य संकेतांक योग्य घरात लिहितो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने आपल्याला काळ ओळखायला शिकविले : वर्तमान, भूत, भविष्य; आणि त्यांचे साधे, अपूर्ण, पूर्ण असे प्रकार. वर्गात तो कंटाळवाणा वाटणारा तक्ता होता. मित्रहो, त्या तक्त्याचा उपयोग परीक्षेपुरता नाही. आज घरी गेल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारा : ‘तुम्हाला कधी शिरेत गुठळी झाली होती का?’ उत्तर ‘हो’ आले, तर ते पूर्ण वाक्यात, सनासह, लिहून ठेवा.